भंगाराचं नाव पुसू नका

बेंगळुरूच्या नगर्तपेटेत आम्ही ज्या जुन्या घरात भाड्याने राहायचो, ते 2009 साली पाडलं. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जमिनीत बसवलेला दगडी रगडा होता. कन्नडमध्ये त्याला ओरळु म्हणतात. घर पाडणाऱ्या मजुरांनी लाकडी खांब, चौकटी, कौलं, खिडक्यांचे गज असं सगळं मोजून विकलं. रगडा मात्र कुणी घेतला नाही. घराघरात मिक्सर आणि विजेवरचे ग्राइंडर आल्यावर त्याला विचारतो कोण? पण तो फोडायलाही कुणी तयार होईना. ज्या दगडाने घराला जेवू घातलं त्याच्यावर घण घालायचा नसतो, असं एक म्हातारा मजूर म्हणाला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. शेवटी चौघांनी पहारी लावून तो गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खळग्यात कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि कावळे येऊन प्यायचे.

2013 च्या जानेवारीत मी कोचीला गेले. कोची-मुझिरिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) आदल्या महिन्यातच सुरू झाली होती आणि तिचं ते पहिलंच पर्व होतं. पाण्याच्या काठावरच्या अ‍ॅस्पिनवॉल हाउस या जुन्या वखारीत शिरले आणि जागीच थांबले. समोर रगडे होते. एक-दोन नव्हेत, 170. कुणाची कड झिजलेली, कुणाच्या खळग्यात वर्षानुवर्षांच्या वाटणाने आलेली गुळगुळीत चकाकी. शीला गौडा आणि ख्रिस्टोफ श्टोर्झ या दोघा कलाकारांनी बेंगळुरूच्या घरांतून बाहेर पडलेले हे दगड जमवून कोचीला आणले होते. कलाकृतीचं नाव होतं ‘स्टॉपओव्हर’, म्हणजे वाटेतला मुक्काम. मसाल्याच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या त्या बंदरात, मसाला वाटून झिजलेले ते दगड पुढच्या गाडीची वाट बघत बसल्यासारखे वाटत होते.

मी चित्रकलेची शिक्षिका. त्या दिवसापर्यंत टाकून दिलेल्या वस्तूंपासून कला म्हणजे काय, हे मला कळलं आहे असं मी समजत होते. त्या खोलीत पहिल्यांदा जाणवलं की आजवर मी मुलांना नेमकं उलटं शिकवत आले. आज हे लिहिते आहे, कारण महाराष्ट्रातही भंगाराची शिल्पं चौकाचौकात उभी राहू लागली आहेत, शाळाशाळांत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची प्रदर्शनं भरताहेत आणि त्यांचं कौतुक करताना एक महत्त्वाची गोष्ट आपल्या हातून निसटते आहे. टाकलेली वस्तू कलेत येते तेव्हा तिचं मोल ती ‘टिकाऊ’ झाली म्हणून नसतं. ती आधी कोण होती, कुणाच्या हातात होती, हे जोवर तिच्यात दिसतं तोवरच ते मोल असतं. ती ओळख पुसली की उरतं ते फक्त सामान.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या घरच्या धंद्यातून मला ते समजलं.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा सगळा दुष्काळी टापू. शेतीवर पोट भरेना तेव्हा इथली माणसं सोने-चांदीच्या गलाईत शिरली आणि देशभर पांगली. ज्या शहरात सराफकट्टा, त्या शहरात विट्या-आटपाडीकडचा एखादा गलाईवाला हमखास सापडतो. माझे वडील, आबा, असेच नगर्तपेटेत आले. या पेठेत सोनारांच्या कारखान्यांची दाटी. दागिना घडवताना कानशीचा कीस उडतो, तारेचा तुकडा निसटतो, डाक लावताना कण सांडतो. तो सगळा केर गलाईवाला विकत घेतो. नुसता केर नव्हे. झिजलेली चटई, पायपुसणं, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, जुनी मूस, भट्टीतली राख, सगळं. आमच्या घरात केर उंबऱ्याबाहेर जात नसे. आई दुकान झाडायची तो कुंचा वेगळा, भरायचं सूप वेगळं आणि साठवायचा डबा कुलपात.

पुढचं काम आबांचं. केर जाळायचा, राख धुवायची, उरलेलं टाकणखार घालून मुशीत वितळवायचं. निघालेलं सोनं हिणकस असतं. त्यात तिप्पट चांदी मिसळून दाणे पाडायचे आणि ते तेजाबात टाकायचे. तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. तांबडा-पिवळा धूर उठायचा, डोळे चुरचुरायचे, आम्हा पोरांना माडीवर पिटाळलं जायचं. चांदी तेजाबात विरघळून जाते आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं. विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. काहीही वाया जात नाही. टाकलेल्यातून मोलाचं काढायचं याहून चोख तंत्र मी कुठे पाहिलेलं नाही.

पण त्या तंत्राची एक अट असते. सोनं काढायचं तर वस्तूची ओळख जाळावीच लागते. ती चटई कुठल्या सोनाराच्या बुडाखाली तीस वर्षं होती, तो कण कुठल्या नवरीच्या पाटल्यांतून उडाला, हे मुशीत राहत नाही. शुद्ध सोन्याला गाव नसतं. गलाईवाल्याची कमाई त्या विसरण्यातच आहे आणि तो त्याचा धर्मच आहे. शीला गौडांचं काम मी जसजसं पाहत गेले तसतसं लक्षात आलं की ही बाई याच शहरात, याच केराशी, नेमका उलटा व्यवहार करते आहे. ती मूस पेटवत नाही.

शीला गौडांचा जन्म 1957 चा, भद्रावतीचा. बेंगळुरूचं केन स्कूल, मग बडोदा, शांतिनिकेतन आणि लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट असं शिक्षण, तेही चित्रकलेचं. 1992 मध्ये बाबरी मशीद पडली, मुंबईत दंगली झाल्या आणि त्यानंतरच्या काळात त्यांना कॅनव्हासवरचा रंग अपुरा वाटू लागला. त्या शेणाकडे वळल्या. आपल्याला शेण म्हणजे काय ते सांगायला नको. अंगण सारवायचं ते यानेच, गोवरी थापून चूल पेटवायची तीही यानेच, पूजेलाही लागतं आणि बाईच्या कोपरापर्यंतच्या कष्टालाही. ज्या गायीच्या नावाने राजकारण तापत होतं, तिचं हे रोजचं, बायकांच्या हातांतलं रूप त्यांनी कलादालनात आणलं. शेणाला त्यांनी शेणच राहू दिलं. बेंगळुरूतच जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या रुम्माना हुसेन याही त्याच सुमारास मातीच्या फुटक्या मडक्यांकडे वळल्या, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. घरं फुटलेली डोळ्यांनी पाहिल्यावर नव्या कोऱ्या साहित्यात ती गोष्ट कशी सांगायची, हा प्रश्न दोघींपुढे होता.

मग 1998 चं ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’. शिवणाचा साधा दोरा. तो सुईच्या नाकातून ओवायचा आणि त्याची अख्खी लांबी सुईतून ओढून न्यायची. असे कितीतरी दोरे एकत्र घेऊन कुंकू आणि खळीने माखून त्यांचा एक लालभडक दोरखंड करायचा. भिंतीवरून, जमिनीवरून तो वेटोळी घालत जातो आणि त्याच्या टोकाला सगळ्या सुयांचा झुबका लोंबतो. लांबून पाहिलं तर नाळ वाटते, आतडं वाटतं, रक्ताची रेघ वाटते. जवळ गेलं की कळतं, सुई-दोरा आणि कुंकू आहे. आपल्या आयांच्या डब्यातलं सामान. ज्या बाईने आयुष्यभर कुणाचं तरी फाटलेलं शिवलं, तिचा तो हात त्या दोरखंडात आहे.

2009 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांनी ‘बिहोल्ड’ मांडलं. केसांचा दोर, जवळजवळ 4,000 मीटर. त्याला टांगलेले मोटारींचे चकचकीत पोलादी बंपर. देवळांत नवसाचं मुंडण होतं, तेव्हा लांब केस विगांसाठी विकले जातात. आखूड तुकडे उरतात, त्यांचे दोर वळतात आणि दृष्ट लागू नये म्हणून वाहनचालक ते गाडीच्या बंपरला बांधतात. बेंगळुरूच्या रस्त्यावर हा काळा दोर मी लहानपणापासून पाहत आले, जसं आपल्याकडे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. त्या कलाकृतीत जाड पोलाद केसांच्या आधाराने तोलून धरलेलं आहे. कुणीतरी आजारी लेकरासाठी बोललेला नवस, न्हाव्याचा वस्तरा, दोर वळणाऱ्याचे हात, ट्रक चालवणाऱ्याची भीती, हे सगळं त्या दोरात वळलेलं आहे. आणि ते दिसतं, कारण केस केसच ठेवले आहेत. ही कलाकृती आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

आणखी एक काम मला सांगितल्यावाचून राहवत नाही. रस्त्याचं डांबरीकरण चालू असतं तिथे डांबराची रिकामी पिंपं कापून, ठोकून, सपाट करून मजूर त्यांची झोपडी करतात. त्यात पोरं झोपतात, चूल पेटते आणि रस्ता पुढे सरकला की झोपडीही सरकते. 2006 च्या ‘डार्करूम’मध्ये शीला गौडांनी याच पिंपांची आणि पत्र्यांची एक खोली उभी केली. आत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. आत काळोख, आणि छताच्या पत्र्याला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड येतो, तारांनी भरलेल्या आभाळासारखा. ज्या माणसाच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला रात्री जे दिसतं, ते त्याच्याच छपरातून दाखवलं आहे. त्या पत्र्यावर चकचकीत रंग फासला असता तर मागे काय राहिलं असतं? एक शोभेची खोली.

मुंबईकडे नजर टाकली तरी हीच कसोटी लागू पडते. वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टींची पोलादी पंखांची दुमजली बस 2012 मध्ये उभी राहिली, ती भंगारात निघालेल्या बेस्टच्या बसवरून. तिच्या वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसून ज्याने शहर पाहिलं आहे, त्याला ते पंख पाहून गलबलून येतं, कारण बस ओळखू येते. शर्मिला सामंत यांनी शीतपेयाच्या बाटल्यांच्या बुचांची साडी विणली. साडी साडीसारखीच पडते आणि प्रत्येक बूच आपलं नाव सांगत राहतं. हेमा उपाध्याय यांनी पत्र्याच्या आणि भंगाराच्या तुकड्यांतून धारावी एका छोट्या खोलीच्या भिंतींवर उभी केली, आणि तिचं नाव ठेवलं ‘8 फीट बाय 12 फीट’. तिथल्या एका कुटुंबाच्या वाट्याला साधारण येते तेवढीच ती जागा.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचं. 2019 मध्ये तिथे ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान उघडलं. सुमारे 150 टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर अशी जगातली सात आश्चर्यं उभारली. कारागिरांचं कसब मोठं आहे आणि लोक आनंदाने जातात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे भंगाराचा पुरुषार्थ कशात मोजला जातो? ते भंगार वाटू नये यात. सायकलची साखळी, मोटारीचा गिअर यांना दुसऱ्याच कुणाचा चेहरा लावला जातो. साखळी कुणाच्या पायांनी फिरली, हे विचारायला जागा राहत नाही. हीही एक गलाईच आहे. आपल्या शहरांतल्या चौकांत भंगाराचे सिंह, मोर आणि घोडे उभे राहतात तेव्हा मला हेच वाटतं. त्यांच्या पायाशी उद्घाटकांची नावं कोरलेली असतात. सामान कुठून आलं, ते कुणी वेचलं, कुणी जोडलं, याची एक ओळही नसते.

बेंगळुरूत हा प्रश्न नुसता कलेचा राहिलेला नाही. 2012 मध्ये या शहराचा कचरा जाणार कुठे, यावरून हाहाकार उडाला होता. मावळ्ळीपुरातलं कचऱ्याचं मैदान बंद झालं, सगळा भार मंडूर गावावर पडला, रस्त्यांच्या कडेला ढीग कुजत राहिले. दुर्गंधी आणि नासलेल्या पाण्याने त्रासलेल्या मंडूरच्या लोकांनी लढा दिला आणि 2014 च्या अखेरीस तिथे शहराचा कचरा जाणं थांबलं. त्याच वर्षांत शहराला पहिल्यांदा कळलं की आपला कितीतरी कचरा कचरावेचक रोज गुपचूप उचलत होते म्हणून आपण इतकी वर्षं निवांत होतो. त्याआधीच, 2011 मध्ये, बेंगळुरू महापालिकेने त्यांना ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. ‘हसिरु दळ’सारख्या संघटनेने त्यांच्या हक्कांचा प्रश्न धसास लावला आणि सुका कचरा जमा करणारी केंद्रं चालवायला त्यांच्यातलीच माणसं पुढे आली. ज्यांना आजवर कुणी नावाने हाक मारली नव्हती, त्यांच्या गळ्यात नाव आणि फोटो असलेलं कार्ड आलं. त्या कार्डाने पोलिसाच्या दंडुक्यापुढे उभं राहायचं बळ दिलं.

भंगाराला इथे गुजरी म्हणतात. गुजरीवाल्याकडे तासभर बसलं तर कळतं, वस्तू वाचायला त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. बाटली दाबली की आवाजावरून प्लास्टिकची जात सांगतील, तार खरवडून तांब्याचा कस सांगतील, पेटीला लागलेल्या माशीवरून आत काय होतं ते ओळखतील. आबांना सोन्यातलं हीण कळायचं तसंच हे ज्ञान. टाकलेल्या वस्तूंनी काम करणारा चांगला कलाकार याच ज्ञानाच्या आधारावर उभा असतो. दिवंगत विवान सुंदरम यांनी दिल्लीत ‘ट्रॅश’ करताना कचरावेचकांबरोबर काम केलं होतं. हे ऋण उघड मान्य केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला मी घरीच ऐकला. कोचीहून आल्यावर रगड्यांचे फोटो दाखवले, तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, यात कला कुठे आहे? रगडे काय, आम्हीपण मांडू.” तो आबांच्या दुकानावर बसलेला. त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, “पिवळा दिसतो म्हणून तू कुठलाही तुकडा सोनं म्हणून घेशील? आधी दगडावर घासून कस बघशील ना?” मांडणशिल्पालाही कस लावता येतो, आणि त्यासाठी कलेची पदवी लागत नाही. वस्तू मुळात काय होती, हे समजतं का? ती इथे आल्याने तिच्याबद्दल असं काही कळतं का, जे रस्त्यावर पडलेली असताना कळलं नसतं? आणि कलाकाराने तिला किती दिवस दिले? दोऱ्याची अख्खी लांबी सुईच्या नाकातून ओढायची, आणि ती पुन्हापुन्हा, यात जी तपश्चर्या आहे ती कुणालाही दिसते. जिथे तीनपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही, ते काम खुशाल नाकारावं. या क्षेत्रात हिणकस पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. डांबराची पिंपं मजुराच्या झोपडीत असतात तेव्हा त्यांना किंमत नसते. तीच युरोपात पोचली की मोठी होतात, आणि मजूर तिथेच राहतो. हे खरं आहे आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. एकटा कलाकार ही दरी बुजवू शकत नाही. पण कला निदान त्या दरीकडे पाठ फिरवणार नाही, एवढी अपेक्षा आपण करू शकतो. रस्त्यावरच कला मांडणाऱ्या बादल नंजुंडस्वामींकडे बघा. 2015 मध्ये बेंगळुरूच्या सुलतानपाळ्यात भर रस्त्यातल्या मोठ्या खड्ड्यात त्यांनी मगर सोडली, खोटी पण खऱ्यासारखी. 2019 मध्ये, चांद्रयान-2 चंद्राजवळ पोचलं असताना, अंतराळवीराचा पोशाख घातलेला माणूस एका रस्त्यावर जपून पावलं टाकताना दाखवला आणि मागून रिक्षा गेल्यावर लोकांना कळलं की हे चंद्रावरचे नव्हेत, आपल्याच रस्त्यावरचे खड्डे आहेत. दोन्ही वेळा पालिकेची माणसं खडी घेऊन धावली. नंजुंडस्वामींनी सामान म्हणून वापरला तो खड्डाच, आणि कलाकृतीचा नफा त्या गल्लीतल्या लोकांना मिळाला.

शाळेचा अनुभव सांगते. मी जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन व्हायचं. रिकाम्या बाटलीला सोनेरी रंग, वर टिकल्या, आत कागदी फुलं. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. महिनाभराने तीच बाटली, आता रंगामुळे गुजरीवालाही घेणार नाही अशी होऊन, कचऱ्यात जायची. कोचीहून आल्यावर मी नियम बदलला. रंग लावायचा नाही. घरातली एक निकामी वस्तू आणायची आणि तिची हकिकत घरातल्या मोठ्यांना विचारून, लिहून आणायची. सातवीतल्या एका मुलीने बांबूच्या काड्यांची मोळी आणली. तिची आजी घरी बसून अगरबत्त्या वळायची, हजाराच्या हिशेबाने पैसे मिळायचे आणि बोटांवरचा काळा रंग कधी जायचा नाही. मुलीने लिहिलं होतं, आजीच्या हाताला नेहमी देवघराचा वास येतो, पण तिला त्याच वासाने खोकला येतो. मी वर्गाला तेव्हा शीला गौडांच्या ‘कोलॅटरल’बद्दल सांगितलं. उदबत्तीचं मिश्रण पसरून, ते जाळून, मागे राहिलेल्या राखेची ती मांडणी 2007 मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात लागली होती. राखेचा फोटो पाहून मुलगी म्हणाली, “मिस, हे आमच्या घरातलं आहे.” त्या वर्षीच्या प्रदर्शनात चार बाकांवर न रंगवलेल्या बत्तीस वस्तू आणि बत्तीस हकिकती होत्या. पालक नेहमीपेक्षा दुप्पट वेळ थांबले. काही जण वाचता वाचता डोळे पुसत होते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारी किंवा पालिकेच्या पैशातून भंगाराचं शिल्प उभं राहत असेल, तर त्याच्या पाटीवर सामान कुठून आलं, कुणी वेचलं आणि कुणी जोडलं हे लिहिलंच पाहिजे, आणि वेचणाऱ्याला जोडणाऱ्याइतक्याच सन्मानाने मोबदला मिळाला पाहिजे. शाळांनी टिकल्या आणि सोनेरी रंग बाजूला ठेवावा आणि मुलांना आधी वस्तूची गोष्ट विचारायला शिकवावं. आणि शहरांनी अशा कामांना राहायला जागा द्यावी. बेंगळुरूच्या शांतीनगरात सुरेश जयराम यांनी 2003 मध्ये स्वतःच्या राहत्या घरात ‘वन शांतीरोड’ सुरू केलं. बदामाच्या झाडाच्या सावलीत किती तरुण कलाकारांनी तिथे पहिल्यांदा काही मांडलं! एक माणूस आपल्या घराचं दार उघडं ठेवून हे करू शकतो, तर बंद पडलेल्या गिरण्या, रिकाम्या मंडया आणि जुनी गोदामं असलेल्या सांगली, सोलापूर, इचलकरंजीसारख्या शहरांना ते अवघड नाही. मागाच्या धोट्यांना, कांड्यांना, फण्यांना तिथे सांगण्यासारखं किती आहे, ते विणकरांच्या पोरांना विचारा.

शेवटी एक घरचीच गोष्ट. आबा गेल्यावर भावाने दुकान बंद केलं. आबांचा बसायचा शिसवी पाट होता. चाळीस वर्षं ते त्यावर बसले. त्याच्या भेगांत, कडांत, खिळ्यांच्या खाचांत सोन्याचे कण मुरलेले असणार हे सगळ्यांना माहीत होतं, कारण आबांनी स्वतः असे कितीतरी पाट विकत घेऊन जाळले होते. धंद्याची रीत म्हणून आम्हीही तो जाळला. राख धुतली, वितळवली, तेजाबात घातली. साडेचार ग्रॅम सोनं निघालं. त्याची अंगठी करून भावाने मला दिली. ती माझ्या बोटात आहे. चोख आहे, कुठल्याही पेढीवर कस लावा. पण तिच्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी आबा उजव्या मांडीवर रेलून बसायचे म्हणून पाटाची जी एक बाजू खोलगट झाली होती, ती काही मला त्यात दिसत नाही.